दिवा का लागत नाही ? घरातील वीजमार्गाचा बिघाड शोधण्याची रीत

घरातील दिवा लागेनासा झाला की बहुतेक ठिकाणी प्रथम दिवा बदलला जातो, मग बटण चार-दोन वेळा वरखाली केले जाते, आणि तेवढ्याने काम न भागल्यास कोणीतरी स्टुलावर चढून होल्डरला हात घालतो. यांपैकी शेवटची कृती पुष्कळांच्या जिवावर बेतलेली आहे. दिवा विझलेला आहे, त्याअर्थी तारेत वीज नाही, असा जो समज या कृतीच्या मुळाशी असतो तोच चुकीचा होय. वीजमार्ग कोठेतरी खंडित झाला म्हणजे दिवा विझतो, हे खरे. परंतु तो नेमका कोणत्या ठिकाणी खंडित झाला आहे, यावर विझलेल्या दिव्याच्या तारेत वीज आहे किंवा नाही हे अवलंबून असते. बिघाड शोधण्याची सारी रीत या एका गोष्टीभोवती फिरते.

शेतावरील वस्तीत, गोठ्यात आणि खळ्यावर दिव्यांची जोडणी बहुधा घाईने व मिळेल त्या सामानाने केलेली असते. पावसाळा, उंदीर, चुलीचा धूर आणि धूळ ही तेथे बारमाही असतात. वायरमन तालुक्याच्या गावी राहतो व निरोप धाडल्यावर दोन दिवसांनी येतो. मधल्या दोन दिवसांत काय करावे व काय करू नये, हे घरधन्यास आणि त्यास सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. प्रत्यक्ष जोडणी व दुरुस्ती मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. शोध घेणे आणि दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

वीजमार्ग म्हणजे काय

विजेस पाटाच्या पाण्याची उपमा देण्याचा प्रघात आहे. ती अर्धीच लागू पडते. पाटाचे पाणी वाफ्यात गेले की त्याचे काम झाले. ते परत यावे लागत नाही. वीज मात्र ज्या मार्गाने येते त्याच्या जोडीच्या मार्गाने परत जाऊ शकली तरच दिवा लागतो. म्हणून घरात दोन तारा येतात. पहिली फेजची, हिच्यात जमिनीच्या तुलनेने 230 व्होल्ट दाब असतो. दुसरी न्यूट्रलची, ही रोहित्रापाशी जमिनीस जोडलेली असल्यामुळे एरवी तिच्यात दाब जवळजवळ नसतो. तिसरी अर्थिंगची तार दिवा लावण्यासाठी नसून संरक्षणासाठी असते. फेजला तांबडा, न्यूट्रलला काळा व अर्थिंगला हिरवा रंग वापरण्याचा संकेत आहे. परंतु जुन्या घरांतून हा संकेत पाळलेला असेलच असे नाही. रंगावर विश्वास ठेवून तारेला हात लावू नये.

दिव्याचे बटण नेहमी फेजच्या तारेत असावे लागते. तसे असल्यास बटण बंद करताच होल्डरपर्यंत वीज येत नाही. ते चुकून न्यूट्रलच्या तारेत बसविले गेले, तरी दिवा नेहमीप्रमाणे लागतो आणि विझतोही. त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र अशा घरात बटण बंद असतानाही होल्डरमध्ये पूर्ण 230 व्होल्ट दाब उभा असतो, आणि दिवा बदलण्यास चढलेल्या माणसास त्याची कल्पना नसते.

प्रथम बिघाडाचा विस्तार पाहावा

हत्यार हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : अंधार कोठवर आहे ? एका दिव्यापुरता, एका खोलीपुरता, संपूर्ण घरात, की साऱ्या आळीत ? या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

साऱ्या आळीत अंधार असेल तर दोष घराबाहेरचा आहे, हे उघड आहे. डीपीवर चढून फ्यूज टाकण्याचा जो खटाटोप गावोगाव चालतो त्याविषयी अधिक काय लिहावे. असे करणे बेकायदेशीर तर आहेच, परंतु त्याच वेळी दुसऱ्या कोणी तिकडून प्रवाह सुरू केला तर वर चढलेल्यास खाली उतरण्यास वेळ मिळत नाही.

शेजारी दिवे आहेत व एकाच घरात अंधार आहे, अशा वेळी मीटरकडे पाहावे. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर आकडे दिसत नसतील, तर बहुधा वीज मीटरपर्यंतच आलेली नसते. दोष खांबावरील जोडात किंवा घरापर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये असण्याचा संभव अधिक. हे काम वीज कंपनीचे आहे आणि मीटरचे सील कोणत्याही सबबीवर तोडू नये. आकडे दिसत असून घरात अंधार असेल, तर दोष मीटरच्या पुढे, म्हणजे मेन स्विच, फ्यूज, एमसीबी किंवा गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी यांपैकी कोठेतरी आहे.

आणखी एक प्रकार आहे, तो ओळखणे फार जरुरीचे आहे. कधी कधी आळीतील काही घरांत दिवे एकाएकी डोळे दिपतील असे लखलखू लागतात, पंखे जोराने फिरतात, आणि त्याच वेळी इतर काही घरांत दिवे मंद होतात. डीपीपाशी किंवा मुख्य तारमार्गावर न्यूट्रल तुटल्याचे हे लक्षण होय. अशा वेळी निरनिराळ्या फेजवरील घरे एकमेकांशी जोडली जाऊन दोन फेजमधील सुमारे 400 व्होल्टांचा दाब त्यांच्यात विभागला जातो आणि ज्या घरात उपकरणे कमी चालू असतात त्याच्या वाट्यास अधिक दाब येतो. येथे शोध घेत बसू नये. तत्काळ मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांनाही ओरडून सांगावे, आणि मग वीज कंपनीस कळवावे. पाच मिनिटांच्या दिरंगाईने दूरचित्रवाणी संच, शीतकपाट व फोनचे चार्जर जळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

फ्यूज जाणे

घरातील एका भागातच अंधार असेल तर त्या भागाचा फ्यूज किंवा एमसीबी पाहावा. फ्यूज गेला म्हणून तो घालणे एवढ्यावर न थांबता तो का गेला याचा विचार करावा. दिव्यांच्या एका शाखेवर दहाहून अधिक दिवे-पंखे किंवा 800 वॅटहून अधिक भार नसावा, असा संकेत आहे. 60 वॅटचा जुना तारेचा दिवा सुमारे पाव अँपिअर वीज घेतो. 9 वॅटचे दहा एलईडी दिवे मिळून 90 वॅटच होतात. तेव्हा केवळ दिव्यांच्या भाराने पाच अँपिअरचा फ्यूज जाणे जवळजवळ अशक्य आहे. दिव्यांच्या शाखेचा फ्यूज वारंवार जात असेल, तर एक तर कोणीतरी तिच्यावर शेगडी, इस्त्री किंवा पाणी तापविण्याचे रॉड लावलेले आहे, अथवा दोन तारा कोठेतरी एकमेकींस चिकटलेल्या आहेत.

पाच अँपिअरसाठी कल्हई केलेली तांब्याची सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीची एकच तार पुरते. प्रत्यक्षात किटकॅटमध्ये वायरीतील पाच-सहा केस पिळून घातलेले, क्वचित खिळाही ठोकलेला आढळतो. फ्यूज पुन्हा जात नाही याचे घरच्यांना समाधान वाटते. परंतु आता फ्यूजऐवजी भिंतीतील किंवा आढ्यावरील तार जळणार, आणि आढ्याखाली कडबा किंवा भुसा साठविलेला असेल तर पुढे काय होईल हे सांगणे नको.

चिकटलेल्या तारा शोधण्याची वायरमन मंडळींची जुनी युक्ती अद्यापि उत्तम आहे. मेन बंद करून फ्यूज काढतात आणि त्याच्या दोन टोकांमध्ये 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा जोडतात. त्या शाखेवरील सर्व बटणे बंद ठेवून व पिना काढून मग मेन सुरू करतात. आता तारा चिकटलेल्या असल्या तरी या दिव्यातून अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज जाईल. सबब काही जळण्याची भीती नाही. हा दिवा पूर्ण तेजाने लागला तर दोष बटणांच्या अलीकडील मुख्य तारांत आहे. न लागल्यास एकेक दिव्याचे बटण सुरू करीत जातात. निर्दोष एलईडी दिव्याचे बटण दाबले असता परीक्षेचा दिवा जवळजवळ विझलेलाच राहतो. ज्या बटणासरशी तो एकदम लखकन लागेल, त्या दिव्याच्या होल्डरमध्ये किंवा त्याकडे जाणाऱ्या तारेत दोष आहे असे निश्चित समजावे. तारेचे दिवे आता फारसे कोणी वापरीत नाही, तरी वायरमनच्या पिशवीत एक असावाच.

एकच दिवा लागत नाही तेव्हा

दिवा काढून दुसरीकडे लावून पाहावा, हे सर्वांस ठाऊक आहे. तो तेथे लागला तर होल्डर, बटण, छताजवळील सीलिंग रोज आणि तारा ही चार स्थळे उरतात. होल्डरमधील दोन पिनांच्या स्प्रिंगा उष्णतेने व काजळीने निकामी होतात. पिना आत बसून जातात व दिव्यास टेकत नाहीत. स्वयंपाकघरातील होल्डरचा हा नेहमीचा रोग. मेन बंद केल्याशिवाय होल्डरमध्ये बोट किंवा चिमटा घालून त्या वर ओढू नयेत. जुना होल्डर दुरुस्त करीत बसण्यापेक्षा बदललेला स्वस्त पडतो.

येथवर टेस्टरचे काम पडते, आणि टेस्टरविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या साध्या हत्याराचा अर्थ चुकीचा लावल्याने अनर्थ होतात. टेस्टरमध्ये एक लहानशी निऑन बत्ती व तिच्यामागे फार मोठा विद्युत्‌रोध असतो. वरच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवले म्हणजे अत्यंत अल्प वीज शरीरातून जमिनीत जाते आणि बत्ती उजळते. ती उजळली म्हणजे त्या ठिकाणी दाब आहे, एवढेच कळते. दिवा चालविण्याइतकी वीज त्या तारेतून वाहू शकेल किंवा नाही हे कळत नाही. सैल जोडाच्या पलीकडेही टेस्टर झकास उजळतो. उलट तो उजळला नाही म्हणजे वीज नाही असेही धरून चालू नये. बत्ती फुटलेली असू शकते, आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असताना प्रकाश इतका मंद पडतो की उन्हात तो दिसत नाही. म्हणून प्रथम जेथे वीज खात्रीने आहे अशा ठिकाणी टेस्टर लावून तो चालतो हे पाहावे, मग संशयित ठिकाणी लावावा, आणि पुन्हा एकदा पहिल्या ठिकाणी.

समजा, एका वस्तीवरील गोठ्यातला दिवा लागत नाही. दिवा चांगला आहे. बटणापाशी टेस्टर उजळतो. दिवा होल्डरमध्ये ठेवून व बटण सुरू करून छताजवळील सीलिंग रोजच्या दोन्ही तारा पाहिल्या, तर टेस्टर दोन्हींवर उजळतो. पाहणारा गोंधळतो, दोन्हीकडून वीज येते आहे, मग दिवा का लागत नाही? वस्तुतः येथे न्यूट्रल तुटलेली आहे. फेजची वीज दिव्यातून पलीकडे जाते, परंतु परतीची वाट बंद असल्याने तेथेच अडून राहते. त्यामुळे न्यूट्रलच्या तारेलाही फेजइतकाच दाब चढतो. दिवा काढून पुन्हा पाहिले तर एकच तार उजळते. हा त्याचा पुरावा होय. म्हणजे या गोठ्यात दिवा विझलेला आहे आणि दोन्ही तारा मात्र जिवंत आहेत. ज्या तारेला सारे निरुपद्रवी समजतात त्या काळ्या तारेचे तुटलेले टोक गव्हाणीवर लोंबत असेल, तर त्यास स्पर्श होणाऱ्या माणसाची किंवा जनावराची धडगत नाही. अशी तार घराकडून गोठ्याकडे जाताना वळचणीच्या कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेली किंवा बाहेरच्या जोडावर गंजलेली बहुधा सापडते.

या ठिकाणी एक फार घातक प्रथा आढळते. न्यूट्रल सापडत नाही म्हणून दिव्याची दुसरी तार अर्थिंगला जोडून दिली जाते. दिवा लागतो, काम झाले असे वाटते. पुढे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो किंवा खाली गेलेली तार गंजून तुटते. तेव्हा दिव्यातून आलेली वीज त्या हिरव्या तारेत साठते, आणि घरातील ज्या ज्या धातूच्या वस्तूला संरक्षण म्हणून ती तार जोडली आहे, त्या सर्व वस्तूंना, म्हणजे शीतकपाट, पंप, कडबाकुट्टी यांना, वीज उतरते. संरक्षणाची तारच मारक ठरते. कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी अशी जोडणी आढळल्यास ती त्याच दिवशी बंद करण्याचा आग्रह धरावा.

मंद, लुकलुकता व न विझणारा दिवा

दिवा अधूनमधून लुकलुकणे हे बहुधा सैल जोडाचे लक्षण होय. एकच दिवा लुकलुकत असेल तर त्याचे बटण व होल्डर, सारे घर लुकलुकत असेल तर मेन स्विच किंवा मीटरची टोके संशयास्पद. सैल जोडापाशी उष्णता निर्माण होते. बटणाच्या प्लॅस्टिकवर तपकिरी डाग, जळका वास किंवा बोर्डातून चरचर असा आवाज आल्यास ती शाखा लगेच बंद करावी. जुन्या घरांतून ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबते व जोड सैल होतो. शिवाय तांब्याची तार तिच्याशी नुसती पिळून जोडली की ओलाव्याने तो जोड लवकर खराब होतो. चिकटपट्टी गुंडाळल्याने हा दोष झाकतो, बरा होत नाही.

पूर्वी संध्याकाळी शेतपंप सुरू झाले की दिवे पिवळे पडत, आणि दाब उतरला हे लहान मुलासही कळे. एलईडी दिवा दाब बराच उतरला तरी बहुधा सारखाच उजळत राहतो, म्हणून आता ही खूण दिव्यापेक्षा पंख्याच्या गतीवरून ओळखावी.

एलईडी दिव्याने एक नवी खूण मात्र दिली आहे. बटण बंद असूनही तो रात्री मिणमिणत राहिला किंवा थोड्या थोड्या वेळाने चमकला, तर बटण न्यूट्रलच्या तारेत असण्याची शक्यता आहे. बटणात लहान निशाणी बत्ती असल्यास किंवा तारा लांबवर एकमेकींलगत गेल्या असल्यासही असे होते, म्हणून खात्री करून घ्यावी. बटण बंद ठेवून सीलिंग रोजपाशी टेस्टर पूर्ण तेजाने उजळला, तर वायरमनकडून बोर्डातील तारा बदलून घ्याव्यात. तारेचा दिवा इतक्या अल्प विजेने कधीच लागत नसे. त्यामुळे हा दोष तेव्हा लपून राही.

भिंत, पत्रा व जनावरे

पावसाळ्यात ओल्या भिंतीला हात लावताच झिणझिण्या येणे, पत्र्याच्या छपरास टेस्टर लावला असता उजळणे, ही वीज गळत असल्याची चिन्हे होत. सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर घासून तिचे आवरण जाते व सारे छप्पर जिवंत होते. त्याच छपराच्या वाशाला कपडे वाळविण्याची लोखंडी तार बांधलेली असते. ओले कपडे वाळत घालणारी गृहिणी आणि तिला सोडविण्यास धावणारी मुले, असे एकाच घरातील दोघे-तिघे दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कपड्यांसाठी तार न वापरता सुती किंवा नायलॉनची दोरी वापरावी. हा उपाय काही रुपयांचा आहे.

जनावरांना माणसापेक्षा विजेचा त्रास लवकर होतो. त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर अधिक असते, त्यांचे खूर ओल्या जमिनीवर असतात, आणि दोन्ही पायांमधून जाणारी वीज हृदयातून जाते. गाय हौदावर पाणी पिण्यास बिचकू लागली किंवा गोठ्यातील ठरावीक जागी उभी राहीना, तर तिच्या आजाराबरोबर गोठ्यातील तारांचाही संशय घ्यावा. गोठ्याचा मेन बंद केल्यावर ती निर्धास्त पाणी पिऊ लागली तर शंकेस जागा उरत नाही.

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात असेल तर तो अशा गळतीच्या वेळी आपोआप वीज तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणे किंवा बाजूने तार जोडून देणे म्हणजे राखण करणारा कुत्रा भुंकतो म्हणून त्यास हाकलून देण्यासारखे आहे. सर्व शाखांचे एमसीबी बंद करून तो चढवावा व मग एकेक शाखा सुरू करावी. ज्या शाखेने तो पडेल तिच्यात गळती आहे. साध्या एकेरी एमसीबीने न्यूट्रलची तार तुटत नाही, त्यामुळे न्यूट्रलची गळती असेल तर सर्व एमसीबी बंद असूनही तो कधी कधी पडतो. तेथे वायरमनला न्यूट्रल एकेक सोडवून पाहावी लागते. आरसीसीबीवरील परीक्षेचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो हे पाहावे. मात्र एकाच वेळी फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना हात लागला तर तो वाचवू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कोणास विजेचा धक्का बसून तो तारेला चिकटला असेल, तर प्रथम मेन बंद करावा. मेन दूर असल्यास कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. त्या माणसाला उघड्या हाताने ओढू नये. मेन कोठे आहे व तो कोणत्या बाजूस दाबला म्हणजे बंद होतो, हे घरातील मुलांसही दाखवून ठेवावे.

घराबाहेरच्या दोषाची तक्रार 1912 या क्रमांकावर करता येते. महावितरणच्या वीजबिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक त्या वेळी विचारला जातो; तो मीटरजवळच्या भिंतीवर खडूने न लिहिता रंगाने लिहून ठेवावा. जवळच्या खांबावर क्रमांक असल्यास तोही सांगावा. वायरमनला निरोप धाडताना नुसते “लाइट गेली” असे न कळविता अंधार कोठवर आहे, मीटरवर आकडे दिसतात की नाही, फ्यूज किती वेळा गेला आणि टेस्टर कोठे उजळला, एवढ्या गोष्टी कळविल्या तर तो योग्य ते सामान बरोबर घेऊन येतो व त्याची दुसरी खेप वाचते.